घंटांचा प्रवास : वसई किल्ल्याच्या स्थलदर्शनपर लेखनाची चिकित्सा

प्रस्तावना

स्थलदर्शन ही केवळ डोळ्यांनी करावयाची क्रिया नाही. प्रवासी एखाद्या ऐतिहासिक नगरात शिरतो तेव्हा काय पाहायचे, कोठे थांबायचे आणि कशाकडे पाठ फिरवायची, हे बहुधा त्याच्या आधी कोणीतरी लिहून ठेवलेले असते. मार्गदर्शिका, बखरी, मोहिमांची वर्णने, पुरातत्त्वीय टिपणे आणि शालेय पाठ्यपुस्तके यांतून पाहणाऱ्याची दृष्टी घडते. म्हणून एखाद्या स्थळाविषयी झालेल्या लेखनाची चिकित्सा करणे म्हणजे त्या स्थळाकडे पाहण्याच्या सवयीची चिकित्सा करणे होय.

वसईचा किल्ला हे या दृष्टीने विशेष महत्त्वाचे उदाहरण आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी उत्तर कोकणात उभारलेले हे तटबंद नगर युरोपीय नगररचनेच्या कल्पनेतून साकारले. ज्या देशाने ते उभारले, त्या देशाच्या स्वतःच्या नगरांवर मात्र सुमारे चार-पाच शतकांच्या अरबी-मुस्लिम, म्हणजेच तेथील परिभाषेत 'मूर', राजवटीचा ठसा होता. कोर्दोबा, ग्रनाडा, सेविया व लिस्बन या नगरांचे दर्शन घेणाऱ्या प्रवाशापुढे जो प्रश्न उभा राहतो, तोच वसईतही उभा राहतो : ज्या नगराने अनेक स्वामी पाहिले, ते नगर नेमके कोणाचे म्हणून पाहायचे? वसईविषयक लेखनाने या प्रश्नाला दिलेली उत्तरे तपासणे आणि 'स्वामित्वा'ऐवजी 'हस्तांतर' ही संकल्पना अधिक उपयुक्त ठरते का, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आयबेरियन नगरांचा आदर्श आणि त्याच्या मर्यादा

कोर्दोबाच्या महामशिदीचे बांधकाम आठव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या अब्द-अल्-रहमानच्या काळात सुरू झाले. १२३६ मध्ये कॅस्टिलचा राजा तिसरा फर्नांदो याने नगर जिंकल्यावर तिचे रूपांतर चर्चमध्ये झाले आणि १५२३ पासून तिच्या स्तंभांच्या अरण्यात मध्यभागी एक भव्य कॅथीड्रल उभारण्यात आले. सेवियातील 'हिराल्दा' हा मूळचा मिनार. त्यावर घंटा चढवून त्याचा घंटाघर म्हणून उपयोग होऊ लागला. लिस्बन ११४७ मध्ये अफोन्सो हेन्रिक्सने क्रुसेडरांच्या साहाय्याने घेतले. तरीही तेथील 'आल्फामा' या वस्तीचे अरबी नाव टिकून राहिले आणि पराभूत मुस्लिमांची वस्ती 'मोरारिया' या नावाने ओळखली जाऊ लागली.

या नगरांकडे पाहण्याची आधुनिक पर्यटकाची दृष्टी बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकातील स्वच्छंदतावादी लेखनाने घडवली. वॉशिंग्टन आयर्व्हिंग या अमेरिकन लेखकाचे अल्हाम्ब्राविषयक पुस्तक १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ग्रनाडाचा राजवाडा युरोपीय व अमेरिकन वाचकांच्या कल्पनेत कायमचा वसला. या लेखनामुळे एका दुर्लक्षित वास्तूकडे जगाचे लक्ष वेधले गेले, हे मान्यच करावे लागते. परंतु त्याने एक सवयही लावली. नगराचा एक थर 'रम्य' ठरवायचा, दुसरा थर त्यावरील आक्रमण मानायचे, आणि आजूबाजूला राहणारी माणसे केवळ पार्श्वभूमी म्हणून वापरायची, अशी ती सवय होती. भग्नता सुंदर वाटू लागली की ती कशामुळे आली हा प्रश्न मागे पडतो. वसईच्या बाबतीत हीच सवय वेगळ्या रूपात दिसते.

वसईचे थर

वसईचा इतिहास पोर्तुगिजांपासून सुरू होत नाही. शेजारच्या सोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखांचे अवशेष सापडले आणि १८८२ मध्ये पं. भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. सोपाऱ्यासारखी उत्तर कोकणातील बंदरे मध्ययुगीन अरब भूगोलवेत्त्यांना परिचित होती. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी वसई गुजरातच्या सुलतानीत होती व मलिक तुघान याने तेथे तटबंदी केली होती. १५३३ मध्ये नुनो द कुन्हा या पोर्तुगीज गव्हर्नराने तिच्यावर हल्ला केला. पुढे हुमायूनच्या दबावाखाली सापडलेल्या सुलतान बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ रोजीच्या तहाने वसई व तिच्या अखत्यारीतील प्रदेश पोर्तुगिजांना दिला. या प्रदेशात मुंबईची बेटेही होती.

त्यानंतरच्या दोनशे वर्षांत 'बासाईं' हे पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य केंद्र बनले. तटाच्या आत बालेकिल्ला, नगरसभा, रुग्णालय, तुरुंग, सरदारांची घरे आणि फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट व ऑगस्टिनियन संघांचे मठ उभे राहिले. सेंट जोसेफच्या मुख्य चर्चवरील शिलालेख १६०१ मध्ये झालेल्या त्याच्या पुनर्रचनेची नोंद देतो. याच वसईत सोळाव्या शतकाच्या मध्यास जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये संतपदास पोहोचले. पोर्तुगीज पिता आणि वसईची माता असलेल्या या संताला 'युरोपीय' म्हणावे की 'कोकणी', हा प्रश्नच येथे अपुरा पडतो.

चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठी फौजांनी घातलेला वेढा मे १७३९ मध्ये यशस्वी झाला. पोर्तुगिजांनी शरणागतीच्या अटी मान्य केल्या व २३ मे रोजी किल्ला मराठ्यांच्या ताब्यात आला. काही काळ वसईला 'बाजीपूर' हे नाव मिळाले. डिसेंबर १७८० मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, सालबाईच्या तहानंतर तो परत गेला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह करून मराठी सत्तेच्या स्वातंत्र्यावर पाणी सोडले. ज्या वसईने मराठ्यांचा एक मोठा विजय पाहिला, तिनेच ६३ वर्षांनंतर त्यांच्या अस्ताची सुरुवातही पाहिली. स्थलदर्शनपर लेखनात पहिल्या घटनेला जितकी जागा मिळते, त्या मानाने दुसरीला फारच थोडी मिळते.

दोन लेखनपरंपरा

वसई किल्ल्याविषयीच्या लेखनात स्थूलमानाने दोन परंपरा दिसून येतात. त्यांना अनुक्रमे 'अवशेषपरंपरा' व 'मोहीमपरंपरा' असे म्हणता येईल.

अवशेषपरंपरेचा प्रातिनिधिक ग्रंथ म्हणजे डॉ. जोसे गर्सन द कुन्हा यांचा चौल व वसईच्या इतिहास-पुरावशेषांवरील १८७६ चा इंग्रजी ग्रंथ. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत वैद्यकी करणारे द कुन्हा हे साक्षेपी संशोधक होते. पोर्तुगीज बखरकारांच्या आधारे त्यांनी नगराचा इतिहास मांडला, एकेका वास्तूची ओळख पटवली आणि थडग्यांवरील व भिंतींवरील लेख उतरवून घेतले. यांपैकी काही लेखांचे पुढे झालेले नुकसान लक्षात घेता त्यांच्या नोंदींचे मोल मोठे आहे. या ग्रंथावाचून वसईच्या पोर्तुगीज काळाचा अभ्यास आजही पूर्ण होत नाही.

तथापि या परंपरेची मर्यादाही तेथेच आहे. अवशेषांचा अभ्यासक दगडावरील अक्षरे वाचतो. ज्यांची नावे दगडावर कोरली गेली नाहीत ते त्याच्या दृष्टीच्या बाहेर राहतात. शिलालेख कॅप्टन, फिदाल्गो आणि धर्मगुरू यांचे आहेत. तट बांधणारे पाथरवट, बागायतदार, कोळी आणि नगराला अन्न पुरवणारी आसपासची गावे यांना कोरीव लेख लाभले नाहीत. परिणामी, चर्चच्या भग्न दर्शनी भिंती, वड-पिंपळांची मुळे आणि गतवैभवाची खंत असे एक चित्र तयार होते. आयर्व्हिंगच्या अल्हाम्ब्राशी त्याचे नाते उघड आहे. २०१६ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या गीतचित्रफितीत हा किल्ला झळकला, तेव्हाही तो याच भग्नरम्य रूपात दिसला. साधन बदलले तरी दृष्टी तीच राहिली.

मोहीमपरंपरेचे लेखन प्रामुख्याने मराठीत झाले. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दप्तरातील निवडक कागदांमुळे वेढ्याचा दिनक्रम, रसद, सुरुंग आणि सरदारांतील व्यवहार यांचा विश्वसनीय तपशील उपलब्ध झाला. य. न. केळकर यांचे 'वसईची मोहीम' हे पुस्तक शीर्षकापासूनच आपली कक्षा स्पष्ट करते. या लेखनाने पोर्तुगीज साधनांच्या एकांगीपणाला आवश्यक छेद दिला. पोर्तुगीज अमलात देवळांचा झालेला विध्वंस, लादलेली बंधने आणि रयतेची गाऱ्हाणी यांची नोंद अवशेषपरंपरेत दुय्यम राहते. मोहीमपरंपरेने ती केंद्रस्थानी आणली. हे तिचे श्रेय निर्विवाद आहे.

परंतु मोहिमेचे कथानक किल्ला पडला की संपते. त्यामुळे या लेखनावर आधारलेल्या स्थलदर्शनात किल्ला हे रणांगण असते, नगर नसते. बुरुज महत्त्वाचे ठरतात, रस्ते नाहीत. सुरुंगाची जागा दाखवली जाते, विहिरीची नाही. १७३९ नंतर या तटांच्या आत मराठी प्रशासन कसे चालले, नागेश्वर व वज्रेश्वरीची देवळे कशी उभी राहिली, बाहेरच्या गावांतील ख्रिस्ती रयत नव्या राजवटीत कशी नांदली, हे प्रश्न विजयाच्या कथेत बसत नाहीत.

दोन्ही परंपरा परस्परविरोधी वाटल्या तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. नगराचा एक खरा धनी असतो आणि बाकीचे एक तर अतिक्रमण करणारे किंवा प्रेक्षक असतात, हे ते गृहीतक होय.

'मूर', 'फिरंगी' आणि 'किरिस्तांव'

या गृहीतकाला पहिला छेद नावांचा इतिहास देतो. पोर्तुगीज बखरकार जुआंव द बारुश, गास्पार कोर्रेया व दियोगु द कौतु हे गुजरातच्या सैनिकांना, मलबारातील व्यापाऱ्यांना आणि तुर्की दर्यावर्दींना सरसकट 'मोरुश', म्हणजे मूर म्हणतात. मूर हा शब्द मुळात वायव्य आफ्रिकेतील रहिवाशांचा वाचक होता. आयबेरियातील दीर्घ संघर्षात तो मुस्लिमांचा पर्याय बनला आणि गलबतांबरोबर हिंदी महासागरात आला. स्पॅनिशांनी फिलिपिन्समधील मुस्लिमांनाही याच नावाने संबोधले. अर्थात मलिक तुघानच्या तटाकडे पाहणारा पोर्तुगीज सैनिक कोकणातील एक ठाणे पाहत नव्हता. आपल्या पूर्वजांनी लिस्बन घेताना पाहिलेला शत्रू तो पुन्हा पाहत होता. वसईतील 'मूर वारसा' कमानींमध्ये शोधण्यापेक्षा या दृष्टीत शोधणे अधिक योग्य ठरते.

याच्या उलट दिशेचा प्रवास 'फिरंगी' या शब्दाचा आहे. पश्चिम युरोपातील फ्रँक लोकांना अरबांनी 'इफ्रंज' म्हटले. फारसीतून तो शब्द भारतीय भाषांत आला आणि मराठीने तो पोर्तुगिजांना लावला. म्हणजे वसईच्या तटावर दोन पक्ष एकमेकांना जी नावे देत होते, ती दोन्ही नावे भूमध्य समुद्राच्या काठावर ख्रिस्ती व मुस्लिम जगांच्या संघर्षात घडलेली होती. ज्यांनी तो संघर्ष अनुभवला नव्हता अशा मराठी भाषकांनीही त्याची परिभाषा उचलली. पुढे पोर्तुगीज 'क्रिश्तांव'वरून मराठीत 'किरिस्तांव' आला आणि परकीय राजवटीशी संबंधित असलेले नाव याच मातीतील, मराठी बोलणाऱ्या समाजाला चिकटले. नाव परके असले की माणूसही परका वाटू लागतो; स्थलदर्शनाच्या भाषेत ही चूक वारंवार घडते.

हस्तांतराच्या तीन खुणा

स्वामित्वाऐवजी हस्तांतराच्या दृष्टीने पाहिले असता वसईतील तीन गोष्टी विशेष बोलक्या ठरतात.

पहिली खूण घंटांची. ९९७ मध्ये कोर्दोबाचा सत्ताधीश अल्-मन्सूर याने सांतियागो द कोम्पोस्तेला हे तीर्थक्षेत्र लुटले. तेथील चर्चच्या घंटा कोर्दोबाला नेण्यात आल्या व मशिदीत दिव्यांसाठी वापरल्या गेल्या, असे इतिहास सांगतो. १२३६ मध्ये कोर्दोबा पडल्यावर तिसऱ्या फर्नांदोने त्या पुन्हा सांतियागोला पाठवल्या. वसईच्या विजयानंतर तेथील चर्चच्या घंटा मराठी मुलखातील देवळांत गेल्या. नाशिकचे नारोशंकर मंदिर, भीमाशंकर आणि वाईजवळील मेणवली येथील घंटा वसईहून आलेल्या म्हणून ओळखल्या जातात. नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे वर्ष कोरलेले आहे. मंदिर १७४७ चे आहे. कोर्दोबात घंटेचा आवाज बंद करून तिचा दिवा करण्यात आला, तर गोदाकाठी घंटा घंटाच राहिली. तिचा आवाज मात्र दुसऱ्या देवाला वाहिला गेला. विजयचिन्ह आणि पूजासाधन या दोन्ही भूमिका एकाच वस्तूने एकाच वेळी निभावल्या. वसईचे स्थलदर्शन तटाच्या आत संपत नाही, ते नाशिकपर्यंत पसरते, हे या घंटांमुळे लक्षात येते.

दुसरी खूण शब्दांची. पाव, बटाटा, चावी, पगार, घमेले, नाताळ हे पोर्तुगिजांकडून आलेले मराठी शब्द सर्वपरिचित आहेत. गोव्याचे भाषापंडित सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९१३ मध्ये आशियाई भाषांतील अशा शब्दांचा कोशच सिद्ध केला. त्यांपैकी 'लिलाव' हा शब्द येथे विशेष महत्त्वाचा आहे. तो पोर्तुगीज 'लैलांव'वरून आला आणि पोर्तुगीज शब्दाचे मूळ व्युत्पत्तिकार अरबीतील 'जाहीर करणे' या अर्थाच्या शब्दात शोधतात. किल्ल्याला लागून असलेल्या पाचूबंदरच्या कोळ्यांपासून होळीच्या बाजारातील विक्रेत्यांपर्यंत सर्वांच्या तोंडी असलेल्या या शब्दात मूर, पोर्तुगीज आणि मराठी हे तिन्ही थर एकत्र आहेत. किल्ला पाहायला आलेला प्रवासी ज्या गावातून न थांबता पुढे जातो, त्या गावाच्या रोजच्या व्यवहारातच त्याला हवा असलेला वारसा जिवंत असतो.

तिसरी खूण पाण्याची. आयबेरियातील बागायती संस्कृतीवर अरबी सिंचनविद्येचा खोल ठसा आहे. पाणी उपसणाऱ्या चाकाला पोर्तुगीजमध्ये 'नोरा' आणि त्याच्या पोहऱ्याला 'अल्कात्रुज' म्हणतात. हे दोन्ही शब्द अरबी मुळाचे आहेत. वसईची बागायतही विहिरी, बावखले आणि रहाट यांवर उभी राहिली. वसईचा रहाट पोर्तुगिजांनी आणला, असे म्हणण्याचे कारण नाही. पाणी उपसण्याची अशी साधने भारतात त्यापूर्वीही होती. परंतु दोन्ही प्रदेशांत केळी-उसाच्या बागांना पाणी देणारे चाक एकाच जातीचे असावे, ही बाब उपेक्षणीय नाही. साखरेच्या नावाचा प्रवासही असाच आहे : संस्कृत 'शर्करा' फारसी-अरबीतून आयबेरियात गेली आणि 'असुकार' बनली. वारसा नेहमी बाहेरूनच आत येतो असे नाही. कधी कधी आपलीच वस्तू वळसा घालून परत येते.

एक संभाव्य आक्षेप

थरांच्या आणि देवघेवीच्या या मांडणीवर एक रास्त आक्षेप घेता येईल. अशा दृष्टीमुळे हिंसेवर पांघरूण पडते आणि इतिहास गोड होतो, असा तो आक्षेप होय. स्पेनमध्ये हा वाद प्रत्यक्ष झडला. अमेरिको कास्त्रो यांनी १९४८ मध्ये ख्रिस्ती, मुस्लिम व यहुदी यांच्या 'सहजीवना'तून स्पॅनिश संस्कृती घडल्याचे प्रतिपादन केले. क्लॉदियो सांचेझ-आल्बोर्नोझ यांनी १९५६ च्या आपल्या ग्रंथात त्याला कठोर विरोध केला. आज पर्यटनव्यवसायाने सहजीवनाची कल्पना जाहिरातीइतकी सोपी केली आहे, हेही खरे आहे. ग्रनाडाच्या शरणागतीच्या वेळी, १४९१ च्या तहात, मुस्लिमांना धर्मस्वातंत्र्याचे वचन मिळाले होते. अवघ्या दशकभरात ते मोडले गेले. अल्हाम्ब्राच्या कारंज्यांचे वर्णन करताना हे वचनभंगाचे वास्तव गाळणे म्हणजे अर्धसत्य सांगणे होय.

म्हणून हस्तांतर म्हणजे सौहार्द नव्हे. घंटा दान म्हणून गेल्या नाहीत, लढाईनंतर गेल्या. 'किरिस्तांव' समाज केवळ उपदेशातून नव्हे, तर सत्तेच्या छायेत घडला. हस्तांतराची दृष्टी हे सारे मान्य करते; मात्र वस्तू, शब्द आणि माणसे नव्या धन्याकडे गेल्यावर पुढे काय झाले, हेही विचारते. विजयाचा आणि पराभवाचा क्षण ती नाकारत नाही. त्या क्षणापाशी थांबण्यास तेवढी नकार देते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की वसई किल्ल्याच्या अवशेषपरंपरेने दगड जपला पण माणूस गाळला. मोहीमपरंपरेने माणूस आणला पण त्याला योद्ध्यापुरते मर्यादित ठेवले. दोहोंची गरज आहे आणि दोन्ही अपुऱ्या आहेत.

या चिकित्सेचे व्यावहारिक महत्त्व महाविद्यालयीन अध्यापनात आहे. इतिहास, भाषा, भूगोल वा समाजशास्त्र विभागांच्या सहली या किल्ल्यावर येतात तेव्हा एकाच वर्गातील विद्यार्थ्यांपैकी काहींना चर्चचा भाग 'आपला' आणि काहींना बुरुजाचा भाग 'आपला' वाटतो. सहलीचा मार्ग तटाच्या आत सुरू होऊन आतच संपत असेल, तर ही विभागणी पक्की होऊनच ते परततात. तोच मार्ग होळीच्या बाजारातून सुरू करून बंदर दरवाजाकडे नेला, बाजारातील शब्दांची नोंद भाषेच्या विद्यार्थ्यांना, बावखलांची नोंद भूगोलाच्या विद्यार्थ्यांना आणि शिलालेखांबरोबरच पेशवे दप्तरातील कागदांचे वाचन इतिहासाच्या विद्यार्थ्यांना दिले, तर एका विद्याशाखेला न दिसणारा थर दुसरीला दिसू शकेल. किल्ल्याचे संरक्षण राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून पुरातत्त्व खात्याकडे आहे. परंतु शहरीकरणाच्या रेट्यात बुजणारी बावखले, लोप पावणाऱ्या बोली आणि बदलणारे बाजार यांना असे कोणतेही संरक्षण नाही. त्यांची नोंद करण्याचे काम स्थानिक महाविद्यालयांनाच करावे लागेल, आणि त्यासाठी फार वेळ उरलेला नाही.